चुकलेला हप्ता कोणाचा?



वसंत व्याख्यानमालेत काय बोलावे याचा एक संकेत ठरून गेलेला आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात ही प्रथा घालून दिली, तेव्हापासून धर्म, इतिहास, राजकारण, साहित्य असे भारदस्त विषय या व्यासपीठांवर येत राहिले. त्या पंक्तीत आज आम्ही एक अगदी रुक्ष विषय आणून बसवीत आहोत : मोटारीच्या विम्याचा हप्ता, आणि तो दुसऱ्याच्या हिशेबातील चुकीने चुकला तर काय करावे. चालकांना आम्ही विषय कळविला तेव्हा त्यांना क्षणभर थट्टाच वाटली असावी. पण ती थट्टा नव्हे. आमची सारी हयात युनियनच्या कचेरीत गेली. तेथे पगार, बोनस आणि बदली यांच्या तक्रारी येतात, तसा आताशा विम्याचा कागद हाती घेऊन येणाराही येतो. त्याच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न असतो : "भाऊ, पैसे त गेले ना माझ्या खात्यातून. मग हप्ता चुकला कोणाचा?"

आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. कायद्याचे पुस्तक आम्ही शेवटाकडून वाचायला शिकलो. म्हणजे आधी तक्रार यायची, मग तिचे कलम शोधत बसायचे. त्यामुळे आज आम्ही जे सांगणार ते पंडिताचे विवेचन नव्हे. कामगाराने कामगाराला सांगितलेली गोष्ट एवढेच त्याचे स्वरूप आहे.

प्रथम विमा म्हणजे काय ते पाहू. आपल्या बायाबापड्या भिशी लावतात. दहाजणींनी थोडे थोडे टाकायचे आणि ज्या घरी अडचण येईल तिथे ते उचलायचे. विम्याचे मूळ तत्त्व याहून वेगळे नाही. संकट एकावर कोसळते आणि त्याचे ओझे अनेकांनी वाहायचे. या अर्थी विमा ही कामगार चळवळीची सख्खी बहीण आहे. आपल्या देशात आयुर्विमा १९५६ साली सरकारने हाती घेतला व १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. मोटारी, आग, माल यांचा साधारण विमा १ जानेवारी १९७३ पासून चार सरकारी कंपन्यांकडे गेला. पुढे या धंद्यात खाजगी कंपन्याही आल्या. पण भिशीचे तत्त्व तेच राहिले.

मोटारीच्या विम्यात मात्र एक गोष्ट निराळी आहे, आणि ती नीट ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काही समजायचे नाही. घराचा विमा उतरवा की न उतरवा, सरकार विचारायला येत नाही. मोटारीचा मात्र सक्तीने उतरवावा लागतो. ही सक्ती गाडीच्या मालकासाठी नाही; रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या माणसासाठी आहे. इंग्लंडात १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने ती आली. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तसे प्रकरण घातले गेले आणि ते १ जुलै १९४६ पासून अंमलात आले. आज १९८८ च्या कायद्याचे १४६ वे कलम तेच सांगते. डोक्यावर मोळी घेऊन चाललेली बाई, सायकलवरचा पोरगा, समोरच्या ट्रकचा ड्रायव्हर या सगळ्यांना कायदा 'तिऱ्हाईत' म्हणतो. व्यवहारात आपण त्याला 'थर्ड पार्टी' म्हणतो. तुमची गाडी त्याला लागली आणि तुमच्यापाशी द्यायला दमडी नसली, तरी त्याच्या लेकराबाळांना भरपाई मिळावी, हा या विम्याचा हेतू. विम्याविना गाडी चालविली तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही; पुढच्या वेळी दंड ४,००० रुपये.

आता आपल्या चांद्याकडे या. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा जिल्हा झाला, पण दोन्हींचे सुखदुःख एकच आहे. एका बाजूस बल्लारपूरचा कागद कारखाना, दुर्गापूरचे वीजकेंद्र, घुग्गुस-माजरीच्या कोळशाच्या खाणी, गडचांदूरकडचे सिमेंट. दुसऱ्या बाजूस आलापल्लीचा साग, तेंदूपाने आणि एटापल्लीकडे सुरजागडचे लोहखनिज. हा सगळा माल रस्त्याने हलतो. खनिजाच्या आणि कोळशाच्या ट्रकांच्या रांगा आपण रोज पाहतो. गडचिरोली जिल्ह्यात आगगाडी कित्येक वर्षे फक्त वडशापुरती होती. ज्या गावी एस. टी. दिवसातून एकदा जाते, तेथे माणसे काळी-पिवळीत बसून जातात. ट्रक कंपनीचा असो की कर्जावर घेतलेला एकट्याचा. जीप सावकाराची असो की स्वतःची. तिच्या काचेमागे एक विम्याचा कागद असतो आणि त्या कागदावर अनेकांचे प्राण टांगलेले असतात. रस्ते अरुंद, वळणे जंगलातली, ट्रक अवजड. अशा मुलुखात विमा म्हणजे ऐषाराम नव्हे. अंगावरचा कपडा आहे.

हा कपडा दुसऱ्याच्या चुकीने अंगावरून कसा उतरतो, त्याचे प्रकार आता सांगतो.

पहिला प्रकार बँकेतला. १ एप्रिल २०१९ रोजी देना आणि विजया या बँका बडोदा बँकेत गेल्या. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट कॅनरात गेली. आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये गेल्या. असे झाले की शाखेचे संकेतांक, चेकबुके, कधी खाते क्रमांकही बदलतात. तुम्ही जुन्या बँकेला सांगून ठेवलेले असते की दरवर्षी अमुक तारखेला विम्याचे पैसे भर. ती आज्ञा नव्या वहीत उतरली तर ठीक. नाही उतरली तर पैसे निघतच नाहीत, अथवा निघून मध्येच अडकतात.

दुसरा प्रकार आकड्याचा. गाडीच्या नंबरात एक आकडा चुकला, चॅसिसच्या नंबरात एक अक्षर सुटले, की पैसे भरले तुम्ही आणि विमा उतरला भलत्याच गाडीचा. परिवहन खात्याच्या 'वाहन' नोंदीत तुमच्या गाडीपुढे 'विमा नाही' असे दिसते आणि नाक्यावरचा शिपाई मोबाईल दाखवून म्हणतो, "हे पाहा."

तिसरा प्रकार मधल्या माणसाचा. एजंटाने, गाडी विकणाऱ्या दुकानाने, पतपेढीने किंवा मालकाने पैसे घेतले वा पगारातून कापले, पण पुढे पाठविले नाहीत, किंवा उशिरा पाठविले.

आणि या तिन्ही प्रकारांत माणसाला जे पत्र येते ते एकाच साच्याचे असते : 'आपण मुदतीत हप्ता भरला नाही, सबब आपला विमा संपुष्टात आला आहे.' बंधूंनो, या वाक्यातला 'आपण' हा शब्द पाहा. बँकेचे यंत्र चुकले, टंकणारा चुकला, एजंट चुकला. पण पत्र लिहिणाऱ्या यंत्राला एकच कर्ता ठाऊक आहे आणि तो म्हणजे तुम्ही. चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात ती हीच.

आमच्याकडे आलेल्या एका जीपवाल्याची हकीगत सांगतो. बँकेचे आणि कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. हे कोठेही घडते. कर्जावरची जीप. विम्याचे पैसे खात्यातून आपोआप जायचे. त्या वर्षी खात्यातून रक्कम वजा झाल्याची नोंद झाली, याने ती पाहिली आणि तो निर्धास्त झाला. पैसे कंपनीपर्यंत पोचलेच नव्हते. बँकेच्या कुठल्यातरी मधल्या खात्यात जाऊन बसले होते. कंपनीचे पत्र जुन्या पत्त्यावर गेले. तेंदूचा हंगाम होता. मजुरांना फळीवर नेण्या-आणण्याचे काम भरात होते. नाक्यावर तपासणी झाली तेव्हा याला प्रथम कळले की आपल्या गाडीला विमाच नाही. बँक म्हणे, आम्ही पैसे पाठविले, कंपनीला विचारा. कंपनी म्हणे, आम्हांला मिळाले नाहीत, बँकेला विचारा. अकरा दिवस जीप दारात उभी राहिली. हंगामाचे अकरा दिवस म्हणजे काय, हे या सभेत बसलेल्या ड्रायव्हर मंडळींना सांगायला नको. शेवटी बँकेकडून लेखी घेतले की रक्कम अमुक तारखेला वजा झाली आणि तमुक ठिकाणी अडकली होती. मग कंपनी हलली. या अकरा दिवसांत अपघात झाला नाही, हे नशीब.

पण अपघात झाला असता तर? येथे कायदा काय म्हणतो ते पाहिले पाहिजे, कारण खरी जोखीम तेथे आहे.

१९३८ च्या विमा कायद्यात १९६८ च्या दुरुस्तीने एक कलम घातले गेले. १९६९ पासून ते लागू आहे. त्याला ६४ व्हीबी म्हणतात. त्याचा सरळ अर्थ : पैसा आधी, जोखीम मागून. हप्ता हाती आल्याशिवाय कंपनीने जोखीम पत्करायची नाही. आयुर्विम्यात हप्त्याला सवलतीचे दिवस मिळतात, तसे मोटारीला नाहीत. ज्या दिवशी मुदत संपते त्या मध्यरात्री छत्र संपते. कलम कंपनीला शिस्त लावण्यासाठी होते, पण पुढे कंपन्यांनी त्याचीच ढाल केली.

एका बसची गोष्ट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ३० नोव्हेंबर १९८९ रोजी कंपनीने बसचा विमा चेकवर लिहून दिला. चेक वटला नाही. २३ जानेवारी १९९० रोजी कंपनीने मालकास पत्र लिहिले की पैसे आले नाहीत, आमची जोखीम नाही. १९ एप्रिलला ती बस एका ट्रकवर आदळली आणि ट्रकचा ड्रायव्हर मेला. मालकाने रोख पैसे भरले ते २ मे रोजी. ड्रायव्हरच्या विधवेने आणि अज्ञान मुलांनी भरपाई मागितली. कंपनी म्हणाली, ६४ व्हीबी. १९९७ च्या डिसेंबरात न्यायालयाने कंपनीचे म्हणणे फेटाळले. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा : पैसे येण्याआधी विम्याचा कागद तुम्हीच दिला, आणि कलम तुम्हीच मोडले. त्या कागदाच्या भरवशावर सरकारने बस रस्त्यावर येऊ दिली. लोकांचे हित तुमच्या हितापेक्षा मोठे आहे. तेव्हा तिऱ्हाइताला पैसे द्या आणि तुमचे जे असेल ते बसच्या मालकाकडून वसूल करा.

हे ऐकून आनंद होतो, पण घाई करू नका. २००१ साली त्याच न्यायालयासमोर एका मारुती मोटारीचे प्रकरण आले. २१ डिसेंबर १९९३ रोजी चेक दिला, दहा दिवसांनी अपघात झाला, त्यात मालक स्वतःच गेला आणि मोटार मोडली. नंतर चेक परत आला. मालकाच्या वारसांनी गाडीची भरपाई मागितली. न्यायालयाने ती नाकारली. कारण येथे प्रश्न तिऱ्हाइताचा नव्हता, कराराच्या दोन पक्षांचा होता. ज्याने मोल दिले नाही त्याने वचन मागू नये, हे साधे तत्त्व लावले. २००७ साली तिसरे प्रकरण आले. त्यात चेक परत आल्यावर कंपनीने अपघाताच्या बऱ्याच आधी विमा रीतसर रद्द केला होता आणि मालकाला व परिवहन कचेरीला कळविले होते. न्यायालयाने म्हटले, आता कंपनी जबाबदार नाही; केवळ आपल्या विशेष अधिकारात तिऱ्हाइताला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करण्यास सांगितले. आणि २०१२ साली चौथे : अपघात ११ मे २००४ चा, विमा रद्द केला १३ मे २००४ ला. दोन दिवस उशीर. कंपनी जबाबदार ठरली.

या चार निकालांतून जो नियम निघतो तो आपल्या भाषेत असा. कंपनीने विम्याचा कागद दिला आणि अपघाताआधी तो रद्द करून कळविले नाही, तर वाटसरूची भरपाई कंपनीला द्यावीच लागेल. पण पैसे पोचले नसतील तर तुमच्या गाडीचे नुकसान तुमच्या माथी, आणि वाटसरूला दिलेले पैसेही ती तुमच्याकडून मागू शकेल. आणि जुना कागद संपला व नवा निघालाच नाही, जसे आमच्या जीपवाल्याचे झाले, तर वाटसरूही उघडा आणि तुम्हीही उघडे. जीप, घर, दोन एकर धान, सारे त्या दाव्यात जाऊ शकते. हे आम्ही भीती घालण्यासाठी सांगत नाही. जाणून सावध व्हावे म्हणून सांगतो.

मग मधल्या माणसाने घोळ केला तर? येथे आम्हा कामगारांना अभिमान वाटावा असा एक निकाल आहे. दिल्लीच्या वीज पुरवठा उपक्रमातील कामगारांच्या पगारातून आयुर्विम्याचा हप्ता कापून घेण्याची योजना होती. एका कामगाराचे हप्ते उपक्रमाने महामंडळाकडे भरले नाहीत. कामगार मेला. महामंडळ म्हणाले, विमा बंद पडलेला आहे. विधवा लढली. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की या योजनेत हप्ता गोळा करणारा मालक हा महामंडळाच्या वतीने काम करणारा होता. महामंडळ कामगाराला वेगळी सूचना पाठवीत नव्हते, आणि मालकाशी झालेल्या अटीही त्याला कळविलेल्या नव्हत्या. तेव्हा त्या दोघांतल्या घोळाची शिक्षा कामगाराला नाही. महामंडळाने पैसे द्यावेत. २००५ साली याच तत्त्वाचा पुनरुच्चार झाला.

हा आयुर्विम्याचा निकाल आहे. मोटारीच्या प्रत्येक प्रकरणाला तो जसाच्या तसा लागेल असे आम्ही म्हणत नाही. पण त्याचे मर्म धरून ठेवा. प्रश्न 'पैसे पोचले का' एवढाच नाही. 'पैसे कोणाच्या हाती दिले आणि तो हात कोणाचा होता' हाही आहे. कंपनीने ज्याला पैसे घ्यायला नेमले त्याच्या हाती दिले, तर ते कंपनीलाच दिले, असे म्हणायला तुम्हांला जागा आहे. मात्र ते म्हणायला हातात पावती हवी. एजंट मेव्हणा असला तरी पावती घ्या. पावती मागणे हा अविश्वास नव्हे. तो व्यवहार आहे.

आता प्रत्यक्ष करायचे काय? क्रमाने सांगतो, तरुणांनी टिपून घ्यावे.

पहिले, गाडी उभी करा. चूक कोणाची हे नंतर ठरेल. विम्याविना गाडी रस्त्यावर आणली तर त्या दिवसापासून चूक तुमची होते.

दुसरे, पैसा कोठे थांबला ते शोधा. पासबुक भरून घ्या, व्यवहाराचा क्रमांक काढा. पैसे निघालेच नाहीत, निघून परत आले, की निघून मध्ये अडकले? या तीनपैकी एक उत्तर असते, आणि ज्याच्या दारात ते सापडते त्याला पत्र लिहायचे असते. मोबाईलवरून यूपीआयने कंपनीला दिलेले पैसे खात्यातून गेले आणि कंपनीला ते पोचल्याची खूण मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे पाच दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत; त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हे बँकेच्या खिडकीवर सांगा. पुष्कळदा तेवढ्यानेही काम होते.

तिसरे, जमत असेल तर ताबडतोब दुसऱ्यांदा पैसे भरून विमा चालू करा, आणि सोबत पत्र द्या की हे पैसे आम्ही आमचा हक्क राखून भरीत आहोत. पहिले परत मिळावेत. पुष्कळांना हा अपमान वाटतो. "एकदा भरले, पुन्हा काहून भरू?" असे ते म्हणतात. भाऊ, मान राखण्यासाठी छत्र टाकून पावसात उभे राहू नये. भांडण छत्राखाली उभे राहूनही करता येते. यात आणखी एक कारण आहे. ज्याने वर्षानुवर्षे भरपाई मागितलेली नाही त्याला हप्त्यात सूट मिळते. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. विमा संपल्यापासून ९० दिवसांत नवा झाला नाही तर ही सगळी कमाई बुडते. खंड पडल्यावर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा देण्यापूर्वी कंपनी गाडी तपासायला मागते. ती तपासू द्या, काही लपवू नका.

चौथे, पत्रे लिहा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. बँकेला एक, कंपनीला एक. तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक, गाडीचा नंबर, आणि शेवटी मागणी : खंड दूर करा, सूट कायम ठेवा, चूक आमची नसल्याचे लेखी द्या. प्रतीवर आवक शिक्का घ्या, नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा. पत्र मराठीत चालते.

पाचवे, दाद मागा. कंपनीने एक महिन्यात उत्तर दिले नाही किंवा नकार दिला, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही आणि वकीलही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तेथे दोन वर्षांची मुदत आहे, आणि मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कोणी म्हणेल, "तुमची काळी-पिवळी धंद्याची, तुम्ही ग्राहक कसले?" त्याला सांगा की स्वतःच्या रोजगाराने पोट भरण्यासाठी जो वस्तू वापरतो त्याला कायदा ग्राहकच मानतो.

आणि एक इशारा. 'तुमचा हप्ता चुकला, आत्ता या नंबरावर पैसे पाठवा' असे फोन येतात. खरी चूक आणि खोटा फोन यांचा चेहरा सारखा असतो. फोनवर पैसे देऊ नका. कचेरीत जा, नाही तर कागदावरच्या नंबरावर स्वतः विचारा.

आता विरुद्ध बाजूचेही ऐकले पाहिजे. सभेत कोणी विमा कंपनीचे कर्मचारी असतील; तेही आमचेच बांधव आहेत, त्यांच्या युनियनाही लढाऊ आहेत. ते विचारतील, "पैसे आले नाहीत तरी कंपनीने जोखीम घ्यायची, तर मग वेळेवर भरतो कोण? अपघात झाला की चूक बँकेची आणि नाही झाला की हप्ता वाचला, असे लोक म्हणणार नाहीत का?" हा प्रश्न रास्त आहे. भिशीत जो टाकत नाही त्याला उचलू दिले तर भिशी मोडते. प्रत्येक चुकलेला हप्ता हिशेबाच्या चुकीने चुकत नाही. पुष्कळ विसरतात, काही जाणूनबुजून टाळतात, कारण मोटार रोज पळते आणि अपघात रोज होत नाही. अशांची वकिली आम्ही करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की विसरणारा आणि भरून अडकलेला यांना एकाच पत्राने एकाच सुरीने कापू नका.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, मुदत संपण्यापूर्वी आणि पैसे न पोचल्यास लगेच, लेखी सूचना, लोकांच्या भाषेत, मिळाल्याची खूण राहील अशी. अमेरिकेत पुष्कळ राज्यांच्या कायद्याने हप्ता चुकल्यावर विमा रद्द करण्यापूर्वी दहा-पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तेथे हे जमते तर येथे का जमू नये? मोबाईलवर संदेश टाकला की कर्तव्य संपले असे मानणाऱ्यांनी पावसाळ्यात भामरागडला जाऊन पाहावे. पर्लकोटेला पूर आला की तालुका जगापासून तुटतो, हे वर्षानुवर्षे चालत आले आहे. तेथे संदेश कोणाला मिळणार आणि हप्ता कोण कसा भरणार?

दुसरी मागणी : ज्याच्या हाती वही, त्याच्या माथी पुरावा. पैसे कोठे अडकले हे बँकेच्या आणि कंपनीच्या यंत्रांना एका क्षणात कळते. जीपवाल्याला अकरा दिवस खेटे घालूनही कळत नाही. मग सिद्ध करायचा भार जीपवाल्यावर का?

तिसरी : चूक भरणाऱ्याची नाही असे ठरले की खंड पडलाच नाही असे धरा. हे अशक्य आहे असे सांगणाऱ्यांना २०२० सालाची आठवण द्यावी. टाळेबंदीत २५ मार्च ते ३ मे २०२० या दरम्यान ज्यांच्या मोटारींचा तिऱ्हाइताचा विमा संपत होता, त्यांना सरकारने १५ मेपर्यंत पैसे भरण्यास मुभा दिली आणि मधले छत्र चालू ठेवले. सगळ्यांचे संकट दिसले तेव्हा कलम वाकले. एकट्याच्या संकटातही ते वाकू शकते. फक्त एकट्याचे संकट दिसत नाही.

ते दिसावे म्हणूनच संघटना असते. संघटना म्हणजे केवळ संपाचा झेंडा नव्हे. ती एक वही आहे. आम्ही आमच्या ड्रायव्हर सभासदांची अशी एक वही ठेवतो. गाडीचा नंबर, विम्याची शेवटची तारीख, पैसे कोणामार्फत भरले, पावती पाहिली की नाही, इतके चार रकाने. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणी तरी ती वाचून दाखवितो. तारीख जवळ आली असेल त्याला सांगतो. पैसे भरल्यावर नवा कागद आला का, त्यावर नंबर बरोबर आहे का, हे दुसरा एक जण पाहतो. याला ना पैसा लागतो, ना पदवी. जीपवाल्यांच्या स्टँडवर, खाणीच्या गेटवर, शिक्षकांच्या पतपेढीत, बचत गटात, कोठेही अशी वही ठेवता येईल. मोठ्या वह्या चुकतात तेव्हा त्यांना चूक दाखवायला आपल्यापाशी एक छोटी वही असली पाहिजे.

बंधुभगिनींनो, या व्यासपीठावर यापुढेही मोठे विषय येतील आणि ते यावेत. आम्ही तुमच्यापुढे हप्त्यासारखा क्षुल्लक विषय मांडला, कारण गरिबाचा संसार मोठ्या प्रश्नांनी जितका मोडतो त्याहून अधिक अशा क्षुल्लक चुकांनी मोडतो. घरी गेल्यावर एवढे करा. गाडीचा कागद काढा, शेवटची तारीख वाचा, नंबर गाडीवरच्या पाटीशी ताडून पाहा, आणि पैसे भरल्याची पावती कोठे आहे ती शोधा. सापडली नाही तर उद्या सकाळीच मागायला जा.